सावळीराम गांगुर्डे आणि दुसऱ्यांच्या चुका

नाशिकच्या जेल रोडला आमच्या कॉलनीत सावळीराम गांगुर्ड्यांना सगळे मेजर म्हणतात. फौजेतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण आमच्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. सुरुवातीला ते लोकांना दुरुस्त करायचे. मग कंटाळून सोडून दिलं. साठी उलटली आहे, अंगाने सडसडीत, डावा पाय किंचित ओढतात, आणि समोरून कोणीही आलं तरी आधी त्यांचाच ‘जय भीम’ येतो, मग समोरचा कोणत्याही जातीधर्माचा असो.

माणूस आनंदी. मात्र त्यांना एक खोड आहे. चूक कोणाची यावरून दोन माणसं भांडताना दिसली, की हे मधे शिरतात आणि म्हणतात, “चूक माझी आहे. आता पुढचं बोला.”

कॉलनीच्या पाण्याची टाकी भरून वाहिली, चेअरमन वॉचमनला झापत होता आणि वॉचमन प्लंबरकडे बोट दाखवत होता, तेव्हा मेजर गच्चीवरून खाली आले आणि चूक आपली असल्याचं सांगून टाकलं. ते नुसते वाळत घातलेल्या कुरडया बघायला वर गेले होते. शेजारच्या लग्नात वांग्याच्या भाजीत मीठ पडलं नाही. आचारी आणि मुलीचे मामा एकमेकांची गचांडी धरायच्या बेतात होते. मेजर पाहुणे म्हणून गेलेले, तरी पातेल्याजवळ जाऊन चूक अंगावर घेतली आणि मीठ मागितलं. पंगत उठायच्या आत भाजीला चव आली होती, आणि मामा आचाऱ्याला शाबासकी देत होते.

त्यांच्या बायकोला, लंकाबाईंना, या खोडीचा मनस्वी राग आहे. लोक बाजारातून भाजी आणतात, आमचे हे जगाच्या चुका आणतात, असं त्या म्हणतात.

ही खोड त्यांना लागली श्रीलंकेत.

निफाड तालुक्यातल्या एका खेड्यातून सावळीराम पायदळात भरती झाले तेव्हा ते मिसरूड फुटलेलं पोर होतं. ऐंशीच्या दशकात शांतिसेना श्रीलंकेला गेली, त्यात त्यांची पलटण होती. काम ठरलं होतं शांतता राखायचं. थोड्याच दिवसांत ती लढाई झाली, आणि लढाई कोणाशी व का, हे जवानांना कोणी नीट सांगितलं नाही. सावळीराम वायरलेस सेट पाठीवर घेऊन आपल्या लेफ्टनंटच्या मागे चालायचे. लेफ्टनंटचं नाव प्रफुल्ल देवस्थळी. पुण्याचा, चष्मेवाला, सावळीरामपेक्षा जेमतेम वर्षभराने मोठा. त्याला ताडगोळे फार आवडायचे, आणि जाफन्याकडे ताडाला तोटा नव्हता.

एकदा पहाटेच त्यांच्या तुकडीला एका गावाकडे पाठवलं. नकाशावर कालवा होता, कालव्यावर पूल होता, पुलापलीकडे गाव होतं. प्रत्यक्षात कालवा भलतीकडेच निघाला, पूल नव्हताच, आणि तुकडी जाऊन अडकली ताडांच्या बनात. दोन बाजूंनी गोळ्या सुरू झाल्या. सावळीरामच्या पोटरीतून एक गोळी गेली. त्यांच्या शेजारी बागलाणकडचा भिकन होता, सगळ्या पलटणीला अहिराणी गाणी ऐकवून वात आणणारा पोरगा. त्याच्या पोटात गोळी लागली.

सेट सावळीरामच्या पाठीवर होता, त्यामुळे पलीकडचं बोलणं त्यांना ऐकू येत होतं. मदत मागितली, तर पलटणीचे साहेब विचारू लागले की तुम्हाला तिथे जायला सांगितलं कोणी. लेफ्टनंटने सांगितलं, तुम्हीच. पलटण म्हणाली, आम्हाला वरून आदेश होता. मधेच वरचे साहेब बोलले, की आम्ही असा आदेश दिलाच नाही, नकाशा नीट वाचला नसेल. मग पलटण आणि वरचे यांचंच आपसात जुंपलं. इकडे ताडाच्या झावळ्या तुटून अंगावर पडत होत्या. भिकन पाणी मागत होता.

लेफ्टनंट देवस्थळीने सावळीरामच्या खांद्यावरून हात घालून हँडसेट ओढला आणि हिंदीत म्हणाला, “गलती मेरी है, सर. नक्शा मैंने गलत पढ़ा. अब गाड़ियाँ भेजिए.”

सेट एकदम गप्प झाला. मग पलटणीकडून एकच प्रश्न आला, तुम्ही नेमके कुठे आहात. आणि गाड्या निघाल्या.

सगळे बाहेर आले. भिकनही बाहेर आला, पण गाडीत, सावळीरामच्या मांडीवर, त्याचं संपलं.

सावळीराम पुढे बरेच दिवस इस्पितळात होते. शेजारच्या खाटेवरचा शीख जवान पेपर मोठ्याने वाचायचा. पेपरात काय, तर हेच. पुढारी म्हणत, लष्कराने सांगितलं होतं चार-आठ दिवसांत उरकू. लष्करातले मोठे म्हणत, पुढाऱ्यांनी हात बांधून पाठवलं. कोणी गुप्तहेरांवर ढकलत होतं, कोणी वकिलातीवर. सावळीरामना वाटलं, आपला वायरलेस सेट अजून चालूच आहे, फक्त आता त्यावर सगळा देश बोलतोय. आणि मधे हँडसेट ओढून घेणारा कोणी नाही.

पाय बरा झाल्यावर ते सुट्टीवर घरी आले. पहिल्यांदा गेले ते भिकनच्या गावी, बागलाणात, त्याच्या आईला भेटायला. शकुबाई अंगणात कांदे निवडत होती. ती रडली नाही. तिने विचारलं, “चूक कोनी शे, भाऊ?”

सावळीराम म्हणाले, “आमची, आई. आम्ही रस्ता चुकलो.”

तिने हातातला कांदा बाजूला ठेवला आणि आत जाऊन भाकरी वाढली. तेव्हापासून दरसाल एकदा ते तिकडे जातात. कधी बसने, कधी कोणाच्या टेम्पोत बसून.

त्याच सुट्टीत घरच्यांनी मुलगी पाहायचा कार्यक्रम ठरवला. मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. सावळीरामनी रीतीप्रमाणे नाव विचारलं. ती म्हणाली, लंका. सावळीरामना हसू आलं, आणि एकदा आलेलं हसू जाईना. चहा शर्टावर सांडला. मुलीचे वडील तावातावाने उठले. मध्यस्थ मुलाच्या काकांवर घसरला, काका मध्यस्थावर. सावळीराम डोळे पुसत उभे राहिले, चूक माझी आहे म्हणाले, आणि आपण लंकेतून जीव वाचवून आलो आहोत हे सांगितलं. तेव्हा हसली ती मुलगी. लंकाबाई म्हणतात, तिथेच मी फसले. एवढा कबूल करणारा नवरा बरा, असं वाटलं. पुढे हा पोस्टमन, दूधवाला आणि महापालिका यांच्या चुकाही कबूल करेल, हे काय माहीत.

फौजेतून आल्यावर सावळीराम पिंपळगाव बसवंतला एका शीतगृहात लागले. गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या, एवढंच काम. एका ऐन हंगामात परदेशी जाणारा द्राक्षांचा कंटेनर भरून तयार झाला आणि निघायच्या वेळी कळलं की त्याचं थंड करायचं यंत्र बंदच आहे. मालक ड्रायव्हरवर ओरडला. ड्रायव्हर इलेक्ट्रिशियनवर. एजंट म्हणाला, पॅकिंगवाल्यांनी वेळ लावला. उन्हं चढत होती आणि पत्र्याच्या डब्यात द्राक्षं घामेजत होती. सावळीराम गेटवरून लंगडत आले. म्हणाले, चूक माझी, गाडी आत घेताना मी यंत्र बघायला हवं होतं. आता पेट्या परत थंडीत टाका.

माणसं धावली, माल वाचला. दुसऱ्या दिवशी मालकाने बोलावून विचारलं, की यंत्र बघायचं काम गेटवाल्याचं असतं का? सावळीराम म्हणाले, नसतं, पण द्राक्षं आपलं भांडण संपायची वाट बघत थांबली नसती. त्यानंतर शीतगृहात कुठेही आवाज चढले, की मालक आधी म्हणायचा, गांगुर्ड्यांना बोलवा.

प्रत्येक वेळी हे जमलंच, असं नाही. एकदा बिटको चौकात दोन स्कूटरी धडकल्या. मेजर मेथीच्या जुड्या घेऊन फुटपाथने चालले होते. दोन्ही स्कूटरवाले एकमेकांच्या खानदानापर्यंत पोचले, मागे रिक्षांची रांग लागली. मेजर रस्त्यात उतरले आणि म्हणाले, चूक माझी, मी मधे आलो. झालं. इतका वेळ भांडणारे ते दोघे एका क्षणात सख्खे भाऊ झाले आणि यांच्यावर तुटून पडले. हवालदाराने मेजरना मेथीसकट चौकीवर नेलं. लंकाबाई सोडवायला गेल्या. त्या हवालदाराला म्हणाल्या, साहेब, यांच्या चुका लिहून घेत बसलात तर तुमच्या चौकीतले कागद पुरायचे नाहीत. हवालदाराने मेजरना सोडलं, मेथीची एक जुडी मात्र त्याच्या टेबलावर विसरून राहिली.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गेल्या हिवाळ्यात मेजरना एक फोन आला. गंगापूर रोडच्या एका संस्थेत रवी नावाचा उत्साही कार्यकर्ता व्याख्यानं भरवतो. त्याने ‘शांतिसेना: चूक कोणाची?’ असा परिसंवाद ठेवला होता. एका बाजूला त्या काळी दिल्लीत राज्यमंत्री राहिलेले यादवराव खडतरे, दुसऱ्या बाजूला निवृत्त ब्रिगेडियर प्रफुल्ल देवस्थळी. आणि त्या मोहिमेत गेलेल्या नाशिकच्या जवानांचा सत्कारही करायचा होता. तुम्ही येणार का, असं रवीने विचारलं.

देवस्थळी हे नाव ऐकून मेजर फोनवरच ताठ उभे राहिले. इतक्या वर्षांत साहेबांची भेट झाली नव्हती. लंकाबाईंनी कपाटातून कोट काढला, त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता, म्हणून सकाळभर दोरीवर टांगला. मेजर मलाही चला म्हणाले, आणि आम्ही तिघं रिक्षाने गेलो.

सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. यादवराव ऐंशीच्या पुढचे, पांढरं धोतर, जाकीट, आवाज मात्र अजून प्रचारसभेतला. ते म्हणाले, की सरकार काही हातात बंदूक घेऊन लढत नसतं. जाणकारांनी सांगितलं, जमेल, आम्ही मान डोलावली. जमलं नाही, तर प्रश्न जाणकारांना विचारा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग ब्रिगेडियर उठले. केस पिकलेले, चष्मा जाड झालेला, पण मान तशीच उंच. ते म्हणाले, लष्कर स्वतःच्या मर्जीने परदेशात जात नाही. धड नकाशे नाहीत, धड हुकूम नाहीत, सकाळी ज्यांना मित्र म्हणायचं त्यांच्यावर संध्याकाळी गोळी झाडायची. माझीच तुकडी भलत्या जागी पाठवली गेली, माणूस गेला. याची जबाबदारी वर बसलेल्यांची आहे. यालाही टाळ्या पडल्या.

यादवराव म्हणाले, वर म्हणजे किती वर? ब्रिगेडियर म्हणाले, जिथे तुम्ही बसला होतात तितकं वर. रवी मधे बसून एकदा इकडे, एकदा तिकडे हसत होता. दोघंही सभ्य होते, जी-जी करून बोलत होते, पण सगळा चेंडूचा खेळ चालला होता.

मेजर खुर्चीत चुळबुळ करायला लागले. लंकाबाईंनी त्यांच्या कोटाचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि हळूच म्हणाल्या, “आता उठून श्रीलंकेची चूक आपली म्हणू नका. तिथे पंतप्रधान तुम्ही नव्हता.”

मेजर म्हणाले, मी बसूनच ऐकतो. आणि तेवढ्यात सत्कार सुरू झाला.

तीन जवान होते. शाल, नारळ, फोटो. मेजरचं नाव पुकारलं तेव्हा ब्रिगेडियरनी चष्मा सावरला. शाल त्यांच्याच हातून होती. मेजरनी आधी कडक सॅल्यूट ठोकला, इतका कडक, की नारळ खाली पडला आणि घरंगळत यादवरावांच्या पायाशी गेला. यादवरावांनी तो वाकून उचलून दिला. सभागृह हसलं. रवीने माइक पुढे केला, दोन शब्द बोला म्हणाला.

मेजरना भाषणाची सवय नाही. ते म्हणाले, “मी सावळीराम गांगुर्डे. साहेबांच्या मागे सेट घेऊन असायचो. दोघंही मोठी माणसं बोलली, दोघांचंही खरं असेल. मला तेवढं वरचं माहीत नाही. आम्ही अडकलो होतो, तेव्हा सेटवर सगळे विचारत होते चूक कोणाची, आणि आमचे साहेब म्हणाले, गलती मेरी है. त्यावर गाड्या आल्या. म्हणून मी घरी आलो, माझं लग्न झालं, दोन मुली झाल्या. साहेबांचे आभार मानायचे राहिले होते. ते आज मानतो.”

एवढं बोलून त्यांनी माइक परत दिला आणि खाली आले. यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच आभार मानायचे होते, आणि ते मानल्यावर त्यांचा चेहरा परीक्षा संपलेल्या मुलासारखा मोकळा झाला. सभागृहात मात्र टाळ्या उशिरा आल्या. ब्रिगेडियर टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत बसले होते.

मध्यंतरात चहा होता. ब्रिगेडियर गर्दीतून सरळ आमच्याकडे आले. त्यांनी मेजरना मिठी मारली, मग लंकाबाईंना नमस्कार केला. नाव ऐकून तेही हसले. मग मेजरना बाजूला, खिडकीपाशी घेऊन गेले. आम्ही दोघंही मागोमाग गेलो, कारण लंकाबाईंनी कोट सोडलेला नव्हता.

ब्रिगेडियर म्हणाले, “गांगुर्डे, एक सांगू? ती चूक माझी नव्हती. मी नकाशा बरोबर वाचला होता, नकाशाच खोटा होता. पण ते भांडण मिटेना, म्हणून मी बोलून टाकलं.”

 मेजर खिडकीच्या कट्ट्यावर बसले आणि हसायला लागले. आधी आवाज न करता, मग खांदे हलवून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. लंकाबाई म्हणाल्या, म्हणजे साहेब, जी गोष्ट तुम्ही एकदा खोटी बोललात, ती हे जन्मभर खरी मानून करत आले. ब्रिगेडियरना काही कळेना, तेव्हा लंकाबाईंनी त्यांना टाकीपासून मेथीपर्यंत सगळं सांगितलं. आता ब्रिगेडियरही कट्ट्यावर बसले. दोघं म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसत होते, आणि हातातल्या कपांतला चहा बशीत, बशीतला जमिनीवर सांडत होता.

हसणं ओसरल्यावर मेजर म्हणाले, एक बरं झालं साहेब, तुम्ही बोललात म्हणून भिकनच्या आईला काहीतरी सांगता आलं. ब्रिगेडियरनी विचारलं, ती आहे अजून? मेजर म्हणाले, आहे. ऐकायला कमी येतं, पण दात माझ्यापेक्षा बरे आहेत.

ब्रिगेडियरनी हातातला कप कट्ट्यावर ठेवला. मग म्हणाले, मी कधी गेलो नाही तिच्याकडे. आधी बदली, मग दुसरी बदली. नंतर वाटलं, आता कोणत्या तोंडाने जायचं.

“तोंड हेच,” मेजर म्हणाले, “दुसरं कुठून आणणार?”

हे बोलणं चाललं असताना यादवराव काठी टेकत कधी जवळ आले, आमच्या लक्षात आलं नाही. त्यांनी विचारलं, कुठे आहे हे गाव? सटाण्याच्या पुढे, असं कळल्यावर ते म्हणाले, माझी गाडी मोठी आहे, उद्या सकाळी मोकळीच आहे. ब्रिगेडियरनी भुवया उंचावल्या. यादवराव म्हणाले, मला नका नेऊ, गाडी न्या. मग स्वतःच म्हणाले, नाही, मीही येतो.

दुसऱ्या सत्रात परिसंवादाची रया गेली. रवी बिचारा जुने प्रश्न विचारत होता आणि दोघंही थोडक्यात उत्तरं देत होते. ब्रिगेडियर एवढंच म्हणाले, की ज्याला मी भलत्या जागी नेलं, त्याच्या घरी जायला मला कोणी मनाई केली नव्हती. ती चूक कोणावर ढकलू, सापडत नाही. यादवरावांनी माइक जवळ ओढला, तोंड उघडलं, आणि परत बाजूला सरकवला. त्यांच्या उभ्या राजकारणात असं पहिल्यांदाच घडलं असावं.

दुसऱ्या दिवशीचं मला लंकाबाईंनी सांगितलं.

सकाळी सात-साडेसातला गाडी कॉलनीत आली तेव्हा निम्मी कॉलनी गॅलरीत होती. चेअरमनने “मेजर, हॅप्पी जर्नी” म्हणून हात केला. ब्रिगेडियरनी मेजरकडे वळून पाहिलं आणि विचारलं, तुला बढती कधी मिळाली? मेजर लाजून म्हणाले, कॉलनीने दिली, साहेब. मग वाटभर ब्रिगेडियर त्यांना मेजरसाहेब म्हणत राहिले.

पिंपळगावला मेजरनी गाडी थांबवून ओळखीच्या माणसाकडून द्राक्षांची पेटी घेतली. महामार्ग सोडून गाडी आत वळल्यावर एका फाट्याला ते रस्ता चुकले आणि थेट एका मक्याच्या शेतात शिरले. यादवराव ड्रायव्हरवर चिडले. ब्रिगेडियर फोनमधल्या नकाशावर चिडले, नकाशांशी त्यांचं जुनं वैर होतंच. मेजरनी घसा साफ केला. पण ते काही बोलायच्या आत लंकाबाई म्हणाल्या, गप बसा, डावीकडे घ्या असं मी सांगितलं होतं. चूक माझी आहे आणि ती मी कोणाला देणार नाही. गाडी मागे घ्या.

शकुबाईंच्या दारात पोचायला ऊन डोक्यावर आलं. धाकटा मुलगा आणि सुना शेतातून धावत आले. डाळिंबाची बाग चांगली लागली होती, घरावर नवा मजला चढत होता. शकुबाई ओट्यावर बाजेवर बसल्या होत्या. सावळीरामना त्यांनी चालीवरूनच ओळखलं. बाकीचे कोण, हे मेजरनी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. हे आमचे साहेब. भिकन होता तेव्हा हेच होते. आणि हे दिल्लीचे मंत्री होते.

ब्रिगेडियर जमिनीवरच बसले, बाजेला टेकून. शकुबाईंनी विचारलं, शेवटी तो काही बोलला का? मेजरनी इतक्या वर्षांत याला बगल दिली होती, कारण मांडीवर असताना भिकन बेशुद्ध होता. ब्रिगेडियरना त्याआधीचं आठवत होतं. ताडांच्या बनात त्यांनी त्याला पाणी पाजलं होतं. त्यांनी सांगितलं, पाणी प्यायला आणि म्हणाला, साहेब, पाणी खारट आहे, आमच्या मोसम नदीचं पाणी गोड असतं. शकुबाईंना नीट ऐकू गेलं नाही. नातवाने अहिराणीत पुन्हा ओरडून सांगितलं. तेव्हा त्या हसल्या. लहानपणापासून त्याची हीच तऱ्हा, म्हणाल्या, दुसऱ्याच्या घरचं पाणी त्याला कधी गोड लागलं नाही.

मग यादवराव पुढे झाले. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून काठीवर दोन्ही हात ठेवून उभेच राहिले. म्हणाले, “आई, फौज तिथे पाठवा, असं म्हणणाऱ्यांत मीही होतो.”

हे मात्र शकुबाईंनी पहिल्याच खेपेला ऐकलं. त्यांनी मान वर करून त्या उंच म्हाताऱ्याकडे पाहिलं.

“तवय का नही उनात?” त्यांनी विचारलं. तेव्हा का नाही आलात?

यादवरावांनी काठीवरचे हात बदलले. ब्रिगेडियर खाली बघत होते. अंगणात कोंबड्या फिरत होत्या, सुना दारात उभ्या होत्या, आणि लंकाबाईंनी डाव्या हाताने मेजरचा दंड पकडून ठेवला होता, न जाणो हे मधे बोलतील म्हणून. मेजर बोलले नाहीत. हा प्रश्न त्यांना विचारलेला नव्हता, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

शकुबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “आते जेवाले बठा.”

बाजरीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, लसणाची चटणी आणि वर द्राक्षं, असं जेवण झालं. यादवरावांना डॉक्टरांनी तिखट बंद केलेलं आहे. त्यांनी दोनदा चटणी मागून घेतली आणि घाम पुसत खाल्ली. ब्रिगेडियर शकुबाईंच्या शेजारीच जेवले. त्यांना बोलायला त्रास होई, कारण अहिराणी समजत नव्हती, आणि शकुबाईंना ऐकू येत नव्हतं, पण दोघं सारखं काहीतरी बोलत होते. निघताना शकुबाईंनी विचारलं, आता परत कधी? ब्रिगेडियर म्हणाले, डाळिंबं उतरली की. ते खरंच आले, पुण्याहून बायकोला घेऊन. पण ते नंतरचं.

परतताना गाडीच्या डिकीत कांद्याचं पोतं होतं, दोन भोपळे होते आणि एक जिवंत कोंबडा होता, तो यादवरावांनी घ्यायला नाही म्हटलं तरी मधल्या सुनेने टाकलाच होता. गाडी महामार्गाला लागायच्या आत मागच्या सीटवर दोघं मोठे साहेब झोपले. आधी ब्रिगेडियरचा चष्मा नाकावरून घसरला. मग यादवरावांची मान कलली आणि ब्रिगेडियरच्या खांद्यावर जाऊन टेकली. लंकाबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणतात, घोरण्याचा इतका आवाज होता, की पुढे बसलेल्या आमच्या ह्यांना ड्रायव्हरशी ओरडून बोलावं लागत होतं, आणि तेवढ्यात डिकीतला कोंबडाही आरवायला लागला.